अगत्ती : पाच दिवस, दोन तपकिरी

दिवस पहिला

कोचीहून अगत्ती साधारण साडेचारशे किलोमीटर. पंख्यांचं छोटं विमान दीड तासात पोचतं. खरी मजा शेवटच्या पाच मिनिटांची असं ऐकलं होतं, म्हणून खिडकीच्या जागेवरून मी आणि धाकटी बहीण शाळकरी पोरांसारखे भांडलो. ती जिंकली. तिच्या खांद्यावरून मला जेवढं दिसलं तेवढं सांगतो : गडद निळ्या समुद्रात मधेच पांढऱ्या फेसाची बाकदार रेघ, रेघेच्या आत फिकट हिरवं पाणी, आणि त्या हिरव्याच्या एका कडेला नारळांची अरुंद पट्टी. पट्टीच्या दक्षिण टोकाला धावपट्टी. जमीन तिथं इतकी चिंचोळी की चाकं टेकली तरी दोन्हीकडच्या खिडक्यांतून पाणीच दिसत होतं. शेजारच्या आजोबांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

भूगोलाच्या पुस्तकात ‘कंकणद्वीप’ म्हणून जे पाठ केलं होतं ते हे. समुद्रातला ज्वालामुखी हळूहळू खचत जातो, त्याच्या काठानं प्रवाळ वर वर वाढत राहतं आणि शेवटी डोंगर बुडून नुसतं कडं उरतं, ही कल्पना डार्विननं १८४२ साली मांडली. फेसाची ती रेघ म्हणजे कडं. लाटा तिथं फुटतात, म्हणून आतलं पाणी शांत आणि म्हणूनच बेट जागेवर. लक्षद्वीपच्या छत्तीस बेटांपैकी दहांवर वस्ती आहे, आणि ती सगळी या कड्यांच्या जिवावर.

बेटावर यायच्या परवान्यासाठी घातलेल्या खेपांचं पुराण सांगत नाही. मिळाला एवढं खरं.

तारखेचं मात्र सांगायला हवं. एप्रिल २०२४चा शेवट. निघण्याच्या पंधरवडाभर आधीच बातमी आली होती की जगभरातली प्रवाळं रंग टाकतायत, १९९८, २०१० आणि २०१४ ते १७ नंतरची ही चौथी जागतिक घटना. बहीण म्हणाली, “म्हणजे आत्ताच जायला हवं, दादा. नंतर बघायला काय राहणार?” हे बोलणं मला तेव्हा जरा निर्दयी वाटलं. तिकिटं मात्र मीच काढली.

दुपारी लगूनमध्ये, म्हणजे कड्याच्या आतल्या त्या शांत पाण्यात, उतरलो. पहिली गोष्ट जाणवली ती पाण्याचा कोमटपणा. समुद्रात शिरताना जो एक शहारा येतो तो आलाच नाही. आंघोळीला काढून विसरून गेलेल्या बादलीत पाय घालावा तसं वाटलं. वारा पूर्ण पडलेला. पाण्यावर एक सुरकुती नाही, तळाची वाळू काचेतून दिसावी तशी. फोटोसाठी याहून चांगला दिवस मागून मिळाला नसता.

बोटी बांधायच्या एका लाकडी खांबापासून दहा-बारा हातांवर, छातीएवढ्या पाण्यात, आम्हाला पहिलं प्रवाळ दिसलं. फांद्याफांद्यांचं झुडूप, साधारण परातीएवढं, आणि पांढरंशुभ्र. खडूचं करून ठेवल्यासारखं. फांद्यांमध्ये बोटाएवढे निळे मासे आत-बाहेर करत होते. बहिणीनं तोंडातली नळी काढून जाहीर केलं, “किती गोड आहे हे!” मीही मान डोलावली. परतताना खांब लक्षात ठेवला, पुन्हा यायचं म्हणून.

दिवस दुसरा

आज कड्याच्या बाहेरच्या भिंतीवर डायव्ह. बोटीतून मागे कलंडून पाण्यात पडायचं, कानातला दाब काढत काढत खाली जायचं, आणि मग ते माहितीपटांतलं रंगीबेरंगी जग. अशी माझी अपेक्षा.

बारा मीटरवर पोचलो आणि खरं सांगतो, हिरमोड झाला. सगळं तपकिरी. कुठं फिका तपकिरी, कुठं शेवाळी झाक असलेला, कुठं कोऱ्या चहाचा. मोठमोठे गोल दगड होते, ते म्हणे प्रवाळच. त्यांचा रंग गुळाच्या ढेपेसारखा. डायव्हमास्टर मात्र अशा एकेका ढेपेपाशी थांबून अंगठा आणि तर्जनी जुळवून ‘उत्तम’ची खूण करत होता. मला वाटलं, विचारतोय की मी ठीक आहे ना. मीही उलट खूण केली. असं तीन-चारदा झालं.

त्यानं टॉर्च लावला तेव्हा थोडा उलगडा झाला. लाल प्रकाश पाणी पहिल्या काही मीटरांतच गिळून टाकतं. एका कपारीतला काळपट गोळा टॉर्चच्या उजेडात चक्क कुंकवासारखा लाल निघाला. स्पंज होता तो. पण गुळाच्या ढेपा टॉर्चमध्येही गुळाच्याच राहिल्या.

आणि मग, परतीच्या वाटेवर, उथळ भागात, ते दिसलं. फांद्यांचं एक पसरट झुडूप, पण रंग असा की मी नळीतूनच ओरडलो. जांभळट निळा, आतून दिवा लावल्यासारखा. टोकांकडे जवळजवळ गुलाबी. शेजारी दुसरं, पोपटी. मी वर जायची खूण मिळेपर्यंत फोटो काढत राहिलो. सत्तावीस फोटो. डायव्हमास्टरनं मात्र तिथं उत्तमची खूण केली नाही. हात आडवा करून डगमगवला. ‘काहीतरी बिघडलंय’ची ती खूण कानासाठी, नळकांड्यासाठी करतात, त्यामुळं मी आधी माझं मीटरच तपासलं. हवा ठीक होती. तापमानाचा आकडा दिसला : ३१ अंश.

रात्री गेस्टहाउसच्या ओट्यावर मी ते फोटो सगळ्यांना दाखवत होतो. आमच्या शेजारच्या खोलीत कोचीची एक मुलगी उतरली होती, प्रवाळांवर पीएच.डी. करणारी. तिनं जांभळा फोटो बराच वेळ बघितला, मोठा केला, आणि विचारलं, “सर, हे किती मीटरवर?”

“चार-पाच. छान आलाय ना?”

“छान आलाय,” ती म्हणाली. “आजारी आहे ते.”

दिवस तिसरा

सकाळी ती आम्हाला तिच्याबरोबर लगूनमध्ये घेऊन गेली. तिच्याकडे पोस्टकार्डाएवढं एक प्लास्टिकचं कार्ड होतं, चारही कडांना रंगांच्या चौकटी छापलेलं. रंगाच्या दुकानात भिंतीची शेड निवडायला देतात तसं. क्वीन्सलंड विद्यापीठाच्या ‘कोरलवॉच’ या प्रकल्पाचं कार्ड, २००२पासून जगभर वापरात आहे. चार रंगछटा, प्रत्येकीचे एक ते सहा आकडे. एक म्हणजे जवळजवळ पांढरा, सहा म्हणजे गडद. प्रवाळाचा सर्वांत फिका आणि सर्वांत गडद भाग कार्डाशी जुळवायचा, आकडा पाटीवर लिहायचा, पुढं जायचं. हात लावायचा नाही. कठीण प्रवाळांना आपल्याकडे वाघाइतकंच कायद्याचं संरक्षण आहे, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत.

मला गंमत वाटली ती कार्डावरच्या रंगांची. सहा नंबरचे सगळे रंग म्हणजे चहा, गूळ, शेवाळ, काथ. मी आयुष्यभर ज्याला मळकट म्हटलं असतं ते. कालच्या ढेपा म्हणजे गावातली सगळ्यांत ठणठणीत मंडळी होती आणि डायव्हमास्टर मला तेच सांगत होता.

दुपारी उन्हात बाहेर पडणं अशक्य, म्हणून ओट्यावरच तिची शिकवणी झाली. माझ्या डोक्यात जेवढं राहिलं ते माझ्या शब्दांत लिहितो.

प्रवाळ म्हणजे प्राणी. बारीक बारीक फुलांसारखे जीव, पॉलिप, हजारोंनी शेजारी शेजारी, आणि प्रत्येकानं आपल्याखाली चुन्याची बैठक बांधलेली. या प्राण्याचं मांस जवळपास पारदर्शक असतं. रंग येतो तो त्याच्या पेशींच्या आत राहणाऱ्या एकपेशीय शैवालामुळं, एका चौरस सेंटिमीटरमध्ये दहा लाख किंवा त्याहूनही जास्त. शैवाल उन्हावर साखर करतं आणि त्यातली बहुतेक घरमालकाला देऊन टाकतं; प्रवाळाच्या गरजेचा नव्वद टक्क्यांपर्यंतचा भाग असा घरबसल्या भागतो. बदल्यात शैवालाला राहायला जागा आणि मालकाच्या टाकाऊतलं खत. शैवालाचा रंग सोनेरी तपकिरी. म्हणून निरोगी प्रवाळ तपकिरी.

आता पाणी तापलं की काय होतं? मला वाटायचं उकाड्यानं शैवाल मरत असेल. तसं नाही, आणि हा भाग मी तिला दोनदा सांगायला लावला. शैवालात ऊन पकडणारी यंत्रणा वेगळी आणि त्या उर्जेतून साखर रांधणारी वेगळी. उष्णतेनं रांधणारी अडखळते. ऊन मात्र यायचं थांबत नाही. पकडलेली ऊर्जा खर्चच होत नाही म्हटल्यावर ती भलतीकडे वळते, ऑक्सिजनला चिकटते आणि पेशीत जहाल पदार्थ तयार होतात. त्यातला एक हायड्रोजन पेरॉक्साइड, जखमेवर ओतल्यावर फेस येतो तोच. कालपर्यंत जेवण देणारा भाडेकरू आता घरात विष करू लागतो. प्रवाळ त्याला बाहेर काढतं, काही जागच्या जागी पचवून टाकतं. उरतं ते पारदर्शक मांस आणि त्यातून दिसणारा खालचा चुना. यालाच ब्लीच होणं म्हणतात.

“म्हणजे ब्लीच होतं म्हणजे रंग जातो असं नाही,” बहीण म्हणाली. “रंग मुळातच दुसऱ्याचा होता.”

पेरॉक्साइडनं केस ब्लीच करतात हे आठवून मी एक विनोद केला. कुणी हसलं नाही. त्या मुलीनं शांतपणे सांगितलं की त्या ब्लीचचा आणि या पांढरेपणाचा संबंध नाही. हा पांढरा म्हणजे उघडं पडलेलं हाड.

उन्हाचा भाग मला नवीन होता. नुसती उष्णता नाही, उष्णता अधिक लख्ख ऊन. वारा पडलेला, पाणी आरशासारखं, आकाशात ढग नाही : असे दिवस सगळ्यांत वाईट. म्हणजे पहिल्या दिवशी ज्या हवेवर मी खूश होतो, तीच.

किती तापावं लागतं? त्या जागेच्या सर्वांत गरम महिन्याची जी सरासरी, तिच्यावर फक्त एक अंश. पण तो आठवडे टिकला पाहिजे. अमेरिकेची ‘नोआ’ संस्था उपग्रहांवरून याचा हिशेब ‘अंश-आठवड्यां’त ठेवते : एक अंश जास्त चार आठवडे राहिला की चार. चारला प्रवाळं रंग टाकू लागतात, आठला मरू लागतात. मला हे ऐकून आजीचं ‘अंगात कसर आहे’ आठवलं. ताप नाही, नुसती कसर. पण महिनाभर राहिली तर माणूस वाळतोच.

तापमान हे एकच कारण नाही. पुराचं गोडं पाणी, गाळ, सांडपाण्यानं बिघडलेली खतांची गणितं, फार मोठी ओहोटी, अगदी थंडीसुद्धा. जानेवारी २०१०मध्ये फ्लोरिडात थंडीच्या लाटेनं प्रवाळं पांढरी पडून मेली. दुखणं कुठलंही असो, प्रवाळाकडे दाखवायला लक्षण एकच.

मग माझा जांभळा फोटो? प्रवाळाची स्वतःचीही थोडी रंगद्रव्यं असतात, एरवी शैवालाच्या तपकिरीखाली झाकलेली. शैवाल गेलं की पांढऱ्या हाडावरून उजेड आतल्या आत परावर्तित होतो आणि प्रवाळ भाजायला लागतं. काही जाती तेव्हा ही रंगद्रव्यं भरमसाट तयार करतात, उन्हासाठी छत्री म्हणून. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२०मध्ये हे दाखवलं. उद्देश हा की सावली झाली तर उरलंसुरलं शैवाल परत वाढेल. तेव्हा ते जांभळं झुडूप मरायला टेकलेलं नव्हतं. उलट, पांढऱ्यांपेक्षा त्याच्याकडे अजून दम होता. पण ते सुंदर दिसत होतं ते उन्हात छत्री उघडून उभं होतं म्हणून. मी सत्तावीस फोटो काढले.

बहिणीच्या बोटात पोवळ्याची अंगठी आहे, मंगळासाठी आईनं घातलेली. तिनं ती पुढं केली. “मग हे कधी पांढरं पडणार?” कधीच नाही. दागिन्यातलं पोवळं वेगळ्या प्रवाळाचं. त्याच्या पेशींत शैवाल नसतंच, आणि लाल रंग थेट हाडात मुरलेला. ही एवढी शिकवणी झाल्यावर मंगळाबद्दल कुणी बोललं नाही.

दिवस चौथा

उद्या विमान, आणि डायव्हनंतर चोवीस तास विमानात बसायचं नसतं, म्हणून आजचा सकाळचा शेवटचा. काल जेवणात काय लागलं कुणास ठाऊक, बोटीत पोटात ढवळत होतं. डायव्ह जेमतेम पस्तीस मिनिटं टिकला. तरी जे पाहिलं ते सांगतो.

भिंतीचा एक उतार पूर्ण तुटक्या फांद्यांनी भरला होता. आताच्या नव्हे, जुन्या. त्यांच्यावर थर चढलेले, काही एकमेकींना चिकटून गेलेल्या. डायव्हमास्टर या बेटावरचाच, पन्नाशीचा. वर आल्यावर त्यानं एकच वाक्य मोडक्या हिंदीत सांगितलं : नाइन्टी-एटचा माल आहे तो. आपण तरुण होतो तेव्हा इथं शिंगाएवढ्या फांद्यांचं जंगल होतं. मग २०१० आलं, मग २०१६. त्या मुलीनं त्याला आकडे जोडले. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती या तीन बेटांवर १९९८पासून संशोधक मोजत आलेत; तेव्हा जिवंत प्रवाळाचं आच्छादन सुमारे ३७ टक्के होतं, चोवीस वर्षांनी ते १९च्या आसपास आलं. ढेपेसारखी गोल प्रवाळं तग धरतात, फांद्यांची आधी जातात. प्रत्येक वेळी थोडं परत उगवतं, पण दोन आजारांमधली फुरसत कमी कमी होत चाललीय.

काही प्रवाळं भाडेकरू बदलतात असंही ती म्हणाली : उष्णता सोसणारं दुसऱ्या जातीचं शैवाल ठेवून घेतात. ते टिकतं, पण देतं कमी, त्यामुळं वाढ मंदावते. एकूण जगण्याची तडजोड.

संध्याकाळी किनाऱ्यावर पडून राहिलो. ओंजळीत घेतलेली वाळू बारकाईनं बघितली तर तिच्यात खडा एकही नाही : प्रवाळाचे तुकडे, शिंपल्यांचा चुरा. बरीचशी वाळू पोपटमासे पाडतात. प्रवाळाचा खडक चोचीनं कुरतडून शैवाल खायचं आणि चुना मागनं सोडायचा. बहिणीनं हे ऐकलं आणि अंगाखालची वाळू झटकली. झटकून जाणार कुठं? अख्खं बेटच त्याचं आहे.

टूना धरायला जाणाऱ्या बोटी परतत होत्या. इथं गळ-काठीनं धरतात, जाळं नाही, आणि आमिषाला लगूनमधले जिवंत छोटे मासे लागतात. ते राहतात कुठं, तर प्रवाळाच्या फांद्यांत. पहिल्या दिवशी पांढऱ्या झुडपात आत-बाहेर करणारे निळे मासे मला आठवले. त्यांना घर पांढरं असो की तपकिरी, फांद्या उभ्या आहेत तोवर चालतं.

“पाऊस कधी येईल?” हा प्रश्न इथं प्रत्येक जण दुसऱ्याला विचारतो. आमच्याकडे विहिरींसाठी विचारतात तसाच, फक्त इथं तो समुद्रासाठी. ढग आले की ऊन कमी, वारा सुटला की पाणी घुसळून थंड. पंधरा दिवस लवकर आला तर कितीतरी वाचेल.

दिवस पाचवा

विमान दुपारी. डायव्ह नाही, पण नळी आणि चष्मा लावून पोहायला हरकत नव्हती. सकाळी साडेसहालाच तिघं लगूनमध्ये गेलो. मला खांबाजवळचं ते पहिलं झुडूप बघायचं होतं. कार्ड आणि पाटी मी मागून घेतली होती. तीन दिवसांत मला आकडे लावायची चटक लागली होती. वाटेत एका ढेपेला ‘पाच’ दिला, दुसरीला ‘चार’. मुलीनं तपासून बरोबरची मान हलवली.

खांबापाशी पाणी अजून कोमट होतं, रात्रभर थंड व्हायला मिळूनही. झुडूप दिसलं. आणि मला आनंद झाला. कारण ते आता पूर्ण पांढरं नव्हतं. चार दिवसांपूर्वी खडूसारख्या असलेल्या फांद्यांच्या टोकांवर तपकिरी रंग आला होता, कुठं बोटभर, कुठं त्याहून जास्त. मासे होतेच. मी पाण्याबाहेर डोकं काढून बहिणीला हाक मारली, “अगं, परत येतंय! शैवाल परत येतंय!” पुन्हा खाली जाऊन कार्ड जुळवलं. नीट जुळेना, छटा जरा हिरवट होती, पण मी ‘तीन’ लिहिला.

मुलगी आली. आधी माझी पाटी वाचली. मग झुडपावर तरंगत राहिली, बराच वेळ. हात लावायचा नाही हा तिचाच नियम. तिनं तळहात फांदीपासून वीतभर दूर धरला आणि पाणी एकदा हलकेच ढकललं.

टोकांवरचा तपकिरी रंग हलला. बारीक केसांसारखा एका बाजूला झुकला आणि पाणी स्थिर झाल्यावर परत उभा राहिला. तिनं पुन्हा पाणी ढकललं. पुन्हा झुकला.

शेजारच्या ढेपेवर तिनं तसंच केलं. तिथं काहीच हललं नाही.

वर आल्यावर ती काही म्हणायच्या आत मी पाटीवरचा ‘तीन’ अंगठ्यानं पुसला. आतल्या शैवालाचा रंग हलत नाही. हे वरून चढलेलं, मेलेल्या हाडावर उगवलेलं. ज्या फांद्या अजून पांढऱ्या होत्या त्याच तेवढ्या जिवंत होत्या. तिनं पेन्सिल घेतली, त्या पांढऱ्यांसमोर ‘एक’ लिहिला, आणि पुढच्या झुडपाकडे वळली.